जादूच्या शाळेआधीची शाळा

किशोरांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबरीमालांमध्ये मैत्री जमते ती बहुधा निवासी शाळेत. घर लांब, आईवडील पत्रापुरते, एका खोलीत पाच-सहा खाटा आणि शेजारच्या खाटेवर झोपणारा मुलगा हाच पहिला सोबती. हॅरी पॉटर, रॉन वीझली आणि हरमायनी ग्रेंजर यांची मैत्री जगभर ठाऊक आहे, पण तिचा साचा जे. के. रोलिंग यांनी नव्याने घडवलेला नाही. इंग्लंडमधल्या निवासी शाळांच्या चालीरीतींतून आणि त्या शाळांवर एकशे चाळीस वर्षे लिहिल्या गेलेल्या गोष्टींतून तो त्यांच्यापर्यंत आला. मुलांची वाटणी करणारी 'हाउस', वरच्या वर्गातले प्रीफेक्ट, सत्राच्या सुरुवातीची आगगाडी, चहाडी न करण्याचा अलिखित नियम, तिघांचे टोळके हे सगळे जादू येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होते.

या शाळांचा आरंभ धर्मादाय होता. विंचेस्टरची शाळा 1382 मध्ये बिशप विल्यम ऑफ विकम यांनी स्थापली, ईटनची 1440 मध्ये सहाव्या हेन्री राजाने. दोन्हीकडे 70 मुलांचा खर्च संस्था उचलत असे. हळूहळू त्यांच्याभोवती फी भरणाऱ्या श्रीमंत मुलांची गर्दी वाढली. या मुलांना शाळेच्या इमारतीत जागा नव्हती, म्हणून ती गावातल्या घरांत पैसे देऊन राहत. ईटनमध्ये अशी घरे चालवणाऱ्या बायकांना 'डेम' म्हणत. जेवणखाण आणि अंथरूण-पांघरूण त्या पाहत. मुलांच्या वागण्याकडे पाहणारे मात्र कोणी नसे. संध्याकाळी दार बंद झाले की सकाळपर्यंत मोठ्या मुलांचे राज्य. धाकट्यांनी त्यांचे बूट पुसायचे, पाव भाजून द्यायचा, निरोप पोचवायचे आणि चुकले तर मार खायचा. या चाकरीला 'फॅगिंग' म्हणत आणि शाळांची तिला उघड मान्यता होती. मुले आणि मास्तर यांच्यात जवळजवळ वैरच असे. 1797 मध्ये रग्बीच्या शाळेत मुलांनी मुख्याध्यापकांचे दार बंदुकीच्या दारूने उडवून दिले, पुस्तके आणि बाकांची होळी केली. शेवटी सैनिक बोलवावे लागले. मुले खंदकाने वेढलेल्या एका उंचवट्यावर जाऊन बसली होती. तिथून त्यांना पकडून आणण्यात आले.

अशा शाळेत सोबती ही चैन नव्हती. एकट्या मुलाचा निभाव लागत नसे. पुढच्या सगळ्या शालेय गोष्टींमध्ये मैत्रीला जे महत्त्व आले, त्याच्या मुळाशी ही भीती आहे, आणि गोष्टी वाचताना ती विसरून चालणार नाही.

त्याच रग्बीला 1828 मध्ये टॉमस आर्नल्ड मुख्याध्यापक म्हणून आले आणि 1842 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. मोठ्या मुलांची सत्ता त्यांनी मोडली नाही. ती आपल्या हाताखाली घेतली. सर्वांत वरच्या वर्गातल्या मुलांना अधिकार दिले आणि धाकट्यांच्या वागण्याचा जाबही त्यांनाच विचारायला सुरुवात केली. गावातल्या बायकांची घरे बंद करून प्रत्येक घर एकेका शिक्षकाकडे सोपवले. यामुळे हाउसला एक वडीलधारा माणूस मिळाला, एकत्र जेवण मिळाले आणि आपल्या घराची इभ्रत राखण्याची ईर्षाही आली. रग्बीत शिकलेले आणि शिकवून गेलेले लोक पुढे इतर शाळांचे मुख्याध्यापक झाले आणि ही रीत त्यांनी तिथे नेली. रेल्वेचाही मोठा हातभार लागला. लंडन ते बर्मिंगहॅम हा लोहमार्ग 1838 मध्ये पुरा झाला आणि तो रग्बीवरून जात होता. पोराला दीडशे मैलांवर ठेवणे आता घोडागाडीच्या दिवसांइतके जिकिरीचे राहिले नाही. चेल्टनहॅम (1841), मार्लबरो (1843) अशा नव्या शाळा भराभर निघाल्या. सत्राच्या पहिल्या दिवशी फलाटावर ट्रंका घेऊन उभी राहिलेली मुले हे दृश्य तिथून सुरू झाले.

आर्नल्डच्या काळात रग्बीत शिकलेल्या टॉमस ह्यूज यांनी 1857 मध्ये 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी लिहिली. पहिल्या आवृत्तीवर त्यांचे नाव नव्हते. 'एक माजी विद्यार्थी' एवढीच सही होती. शाळेची गोष्ट म्हणून आज जे ओळखले जाते त्याचा जवळजवळ सगळा आराखडा या एका पुस्तकात आहे. टॉम घोडागाडीतून उतरतो तेव्हा त्याला घ्यायला हॅरी ईस्ट नावाचा मुलगा येतो. सहा महिन्यांचा जुना असल्यामुळे ईस्टचा रुबाब मोठा. टॉमच्या डोक्यावरची टोपी पाहून तो हबकतो, कारण रग्बीत तसली टोपी कोणी घालत नाही. तो टॉमला तसाच दुकानात नेतो आणि रीतसर हॅट घ्यायला लावतो. इथली रीत आधी कळलेला मुलगा नवख्याला हात धरून आत घेतो आणि तेवढ्यात मैत्रीची गाठ पडते. नंतरच्या असंख्य पुस्तकांनी हा प्रसंग वेगवेगळ्या वेशांत पुन्हा लिहिला.

टॉम आणि ईस्ट यांचा वैरी फ्लॅशमन. घोड्यांच्या शर्यतीवरच्या सोडतीतली चिठ्ठी टॉम विकायला तयार होत नाही, म्हणून फ्लॅशमन आणि त्याचे साथीदार त्याला पेटत्या शेगडीसमोर धरून भाजतात. टॉम बेशुद्ध पडतो, पण कोणी केले हे तो मोठ्यांना सांगत नाही. चहाडी करणे छळ करण्याहून वाईट मानायचे हा मुलांचा कायदा इथे छापील रूपात आला आणि तो फार काळ टिकला. या कायद्यात धैर्य होते तसा अन्यायही होता: छळणाऱ्याला त्याच्यासारखे कवच दुसरे नव्हते. फ्लॅशमन अखेर शाळेतून जातो तो दारू पिऊन सापडल्यामुळे. टॉमच्या छळाची शिक्षा त्याला शाळेकडून मिळतच नाही.

पुस्तकाच्या उत्तरार्धात मैत्रीचा दुसरा प्रकार येतो आणि तो पहिल्यापेक्षा खोल आहे. जॉर्ज आर्थर हा किरकोळ अंगकाठीचा, घरच्या आठवणीने व्याकूळ मुलगा टॉमच्या हवाली केला जातो. पहिल्याच रात्री भरल्या खोलीत आर्थर खाटेशेजारी गुडघे टेकून प्रार्थनेला बसतो. हशा पिकतो, एक दांडगा मुलगा त्याच्यावर सपाता फेकतो. टॉम पायातला बूट काढून त्या दांडग्यावर भिरकावतो. मग टॉमला रात्रभर झोप लागत नाही, कारण रोज प्रार्थना करीन असे आईला दिलेले वचन त्याने स्वतःच मुले हसतील या भीतीने मोडलेले असते. दुसऱ्या दिवशी तोही गुडघे टेकतो. ज्याला सांभाळायचे तोच सांभाळणाऱ्याला घडवतो, हे ह्यूज यांनी उपदेश न करता दाखवले आहे. एरवी त्यांच्या लेखणीला उपदेशाची हौस होती, म्हणून हे प्रकरण अधिकच उठून दिसते. आर्थरला टॉमकडे सोपवण्याची योजना खुद्द आर्नल्डची होती, हे टॉमला शेवटी एका शिक्षकाकडून कळते.

ईस्ट पुढे पलटणीत दाखल होऊन हिंदुस्थानला जातो. या तपशिलामागे मोठा इतिहास आहे. साम्राज्याची नोकरी करणारे आईबाप आणि मायदेशी शाळेत ठेवलेली त्यांची मुले, या व्यवस्थेने निवासी शाळा भरत होत्या. शालेय कादंबरीच्या सुरुवातीच्या लेखकांपैकी दोघांचा जन्म मुंबईचा आहे. फ्रेडरिक फरार 1831 मध्ये मुंबईत जन्मले आणि आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅनवर शिकले. त्यांच्या 'एरिक' (1858) या कादंबरीतल्या नायकाचे आईवडील हिंदुस्थानात असतात आणि तो एकेक पायरी घसरत अखेर प्राणाला मुकतो. रडारडीमुळे ते पुस्तक नंतर थट्टेचा विषय झाले. थट्टा करणाऱ्यांत आघाडीवर होते रुडयार्ड किपलिंग. 1865 मध्ये त्यांचा जन्म झाला तेव्हा वडील मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकवत होते. रुडयार्ड सहा वर्षांचे होण्याआधी त्यांना आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडमधल्या एका परक्या घरात ठेवून आईवडील परतले. त्या घरात त्यांचे हाल झाले. 1878 मध्ये ते डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या युनायटेड सर्व्हिसेस कॉलेजात दाखल झाले. ही शाळा मुख्यतः लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी, कमी खर्चात चालावी म्हणून निघालेली होती.

तिथल्या आठवणींवर किपलिंग यांनी 'स्टॉकी अँड कंपनी' (1899) लिहिले. तिघांचे टोळके ठसठशीतपणे आले ते इथे. डाव रचणारा स्टॉकी, राजेशाही अलिप्तपणाने वागणारा आयरिश मॅकटर्क आणि जाड भिंगांच्या चष्म्याचा, पुस्तकात बुडालेला बीटल, म्हणजे स्वतः लेखक. स्टॉकीमागे लायनेल डन्स्टरव्हिल हा खरा मित्र होता आणि पुढे तो सेनापती झाला. तिघांची अभ्यासाची खोली एकच, खाऊचे पैसे सामाईक आणि अपमान झाला तर तोही सामाईक. एका गोष्टीत शेजारच्या हाउसची मुले यांना घाणेरडे म्हणून चिडवतात, तेव्हा हे तिघे मेलेले मांजर त्या हाउसच्या छताच्या पोकळीत सरकवतात आणि वास कुठून येतो याचा शोध मास्तरांवर सोपवतात. किपलिंग यांच्या मुलांना ना शाळेच्या इभ्रतीची पर्वा, ना क्रिकेटची. मैत्री ही त्यांची एकमेव निष्ठा. पण तिच्यात क्रौर्यही भरपूर आहे, आणि शेवटच्या गोष्टीत स्टॉकी शाळेतलीच युक्ती वायव्य सरहद्दीवरच्या लढाईत वापरतो तेव्हा या खोड्या कशाची तालीम होत्या ते उघड होते.

निवासी शाळेत पाऊल न टाकलेल्या मुलांपर्यंत या गोष्टी नेल्या त्या साप्ताहिकांनी. 1879 मध्ये सुरू झालेल्या 'बॉइज ओन पेपर'मध्ये टॅलबट बेन्स रीड यांच्या शालेय कादंबऱ्या क्रमशः येऊ लागल्या. रीड छपाईचे खिळे पाडणाऱ्या कारखान्याचे चालक होते, त्या धंद्याचा इतिहासही त्यांनी लिहिला. त्यांचे स्वतःचे शिक्षण लंडनमध्ये, घरी राहून झाले होते. इथून या परंपरेतली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट सुरू होते: निवासी शाळेचे सर्वांत लाडके चित्र रंगवणारे बरेच लेखक त्या शाळेत राहिलेलेच नव्हते. रीड नव्हते, पुढे एनिड ब्लायटन नव्हत्या, रोलिंगही नव्हत्या. लेखकांनी पाहिली नाही आणि वाचकांना परवडली नाही अशी ही शाळा हळूहळू कल्पनेतला मुलूख बनली. जादूला तिथे शिरायला मग फारसे अंतर उरले नाही.

या मुलखाचा सर्वांत मोठा कारागीर म्हणजे चार्ल्स हॅमिल्टन. 'फ्रँक रिचर्ड्स' या नावाने त्यांनी 1908 पासून 'मॅग्नेट' साप्ताहिकात ग्रेफ्रायर्स शाळेच्या गोष्टी लिहिल्या, त्या 1940 पर्यंत, युद्धकाळात कागद मिळेनासा होऊन अंक बंद पडेपर्यंत. खादाड बिली बंटर आणि 'फेमस फाइव्ह' म्हणवणारे पाच मित्र या गोष्टींचे मानकरी. पाचांत भानीपूरचा नबाब हरी जमसेत रामसिंग हा हिंदी मुलगा होता. नावातच तीन धर्मांची भेसळ आणि तोंडी हास्यास्पद इंग्रजी, असे ते पात्र. तरीही तो टोळक्यातला बरोबरीचा गडी होता, आणि त्या काळच्या साप्ताहिकात ही साधी गोष्ट नव्हती. रॉबर्ट रॉबर्ट्स यांनी 'द क्लासिक स्लम'मध्ये सॅलफर्डच्या गरीब वस्तीतल्या आपल्या लहानपणाबद्दल लिहिले आहे. तिथली पोरे ग्रेफ्रायर्सच्या मुलांचे बोलणे, त्यांची दिलदारी आणि चहाडी न करण्याचा बाणा मनापासून उचलत असत. जॉर्ज ऑर्वेल यांनी 1940 मध्ये या साप्ताहिकांवर टीकालेख लिहिला: यातले जग 1910 मध्ये थिजलेले आहे आणि इतक्या गोष्टी एकटा माणूस लिहिणे अशक्य, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या नियतकालिकात हा लेख आला त्यातच रिचर्ड्स यांचे ठणठणीत उत्तर आले, लिहिणारा माणूस एकच आहे म्हणून.

मुलींच्या निवासी शाळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढल्या आणि त्यांच्या गोष्टीही मागोमाग आल्या. अँजेला ब्राझिल यांनी 1906 पासून हा प्रकार लोकप्रिय केला. एलिनॉर ब्रेंट-डायर यांची 'शॅले स्कूल' मालिका 1925 ते 1970 चालली. मुलींच्या गोष्टींत मारामारी जवळजवळ नाही, त्यामुळे मैत्रीतले रुसवे, मत्सर आणि अपराधीपणा यांना जागा मिळाली. ब्लायटन यांच्या 'मॅलरी टॉवर्स'च्या पहिल्या भागात (1946) तापट डॅरल रिव्हर्स रागाच्या भरात सॅलीला ढकलते. सॅली आजारी पडते आणि आपल्यामुळेच हे झाले या समजुतीने डॅरल झुरते. दुखणे आंत्रपुच्छाचे निघते आणि शस्त्रक्रिया करायला डॅरलचे वडीलच येतात. सॅलीला नुकतीच धाकटी बहीण झालेली असते, आपल्याला दूर लोटण्यासाठीच शाळेत घातले असा तिचा समज असतो. दोघींची मैत्री या कबुलीजबाबांतून जन्मते. मॅलरी टॉवर्सला चार मनोरे आहेत, प्रत्येक मनोऱ्यात राहणाऱ्या मुलींचा एकेक गट आहे, आणि मुली सत्राला खास गाडीने येतात.

मराठीत या जातीच्या गोष्टीला वेगळे वळण मिळाले. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, फुरसुंगीचा आणि शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. त्याचा मित्र सुभाष देसाई. गावचा मुलगा शहरातल्या वसतिगृहात राहतो आणि तिथून उंडारायला मोकळा होतो, एवढाच शाळेचा उपयोग. हाउसची ईर्षा, प्रीफेक्टचा दरारा यांची गरज भागवतांना वाटली नाही. त्यांचा फेणे सायकलवर बसून शाळेबाहेर पडतो तेव्हा खरी गोष्ट सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये निवासी शाळेची गोष्ट जुनाट वाटू लागली. सरकारी शाळांत शिकणाऱ्या पिढीला तिच्यातले विशेषाधिकार खटकत होते. मोडकळीला आलेल्या त्या घरात जादूगार राहायला आले. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (1968) मध्ये रोक बेटावर जादू शिकवणारी शाळा आहे. गेड हा गरीब घरचा, मानी मुलगा. जॅस्पर त्याला हिणवणारा, व्हेच त्याला जीव लावणारा. जॅस्परशी पैज लावून गेड मृतात्म्याला हाक मारतो आणि एक काळी छाया जगात सोडतो. त्या जगात खरे नाव सांगणे म्हणजे आपला जीव दुसऱ्याच्या हाती देणे. छायेच्या हल्ल्यातून जेमतेम वाचलेल्या, सर्वांनी टाळलेल्या गेडला व्हेच आपले खरे नाव सांगतो. शालेय गोष्टींच्या साऱ्या परंपरेत विश्वास दाखवणारी याहून नेमकी कृती सापडणे अवघड आहे. रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता. ही उणीव ले ग्विन यांना पुढे जाणवली आणि 'तेहानू'मध्ये (1990) त्यांनी अर्थसीकडे एका बाईच्या नजरेने पुन्हा पाहिले. ब्रिटनमध्ये जिल मर्फी यांनी कॉन्व्हेंट शाळेतल्या अनुभवावरून 'द वर्स्ट विच' (1974) लिहिले. बाकीच्या मुलींना काळी मांजरे मिळतात आणि धांदरट मिल्ड्रेडच्या वाट्याला पट्ट्यापट्ट्यांचे येते. मॉड ही तिची मैत्रीण, एथेल ही वैरीण. मांडणी ब्लायटनचीच, फक्त झाडूवरून.

1997 ते 2007 या काळात आलेले हॅरी पॉटरचे सात भाग हे या सगळ्याचे वारसदार. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने पहिला भाग मराठीत आणला. हॅरी आणि रॉन भेटतात ते शाळेच्या गाडीत. रॉनकडे घरून बांधून दिलेली, त्याला न आवडणारी सँडविचेस, आणि आयुष्यात पहिल्यांदा खिशात पैसे आलेल्या हॅरीकडे ढीगभर खाऊ. तो वाटून खाताना रॉन त्याला जादूच्या जगातल्या रीती सांगतो. टॉमला हॅट घेऊन देणारा ईस्ट इथे पुन्हा भेटतो. जुन्या परंपरेतला मोठा बदल म्हणजे तिसरी जागा मुलीला मिळाली. तीही सहज मिळालेली नाही. पहिले दोन महिने हरमायनी दोघांना नकोशी असते. रॉनच्या बोलण्याने दुखावून ती रडत बसलेली असताना तिच्यावर दानव चालून येतो, मुले तिला वाचवतात, आणि मग नियमांना देव मानणारी हरमायनी त्यांना शिक्षा होऊ नये म्हणून शिक्षिकेशी धडधडीत खोटे बोलते. दानवाहून हे खोटे बोलणेच मैत्री पक्की करते.

रोलिंग यांनी हात घातलेला सर्वांत जुना नियम मात्र चहाडीचा आहे. पहिल्या भागाच्या शेवटी भित्रा नेव्हिल आपल्याच मित्रांची वाट अडवतो आणि मुख्याध्यापक त्यासाठी त्याला दहा गुण देतात. किपलिंग यांच्या शाळेत त्याला बदडले गेले असते. तिसऱ्या भागात हॅरीला निनावी भेट म्हणून उत्तम झाडू येतो. त्याच्यावर कोणी घातक जादू केली असेल या भीतीने हरमायनी शिक्षिकेला सांगते, झाडू जप्त होतो, आणि दोघे मित्र कित्येक आठवडे तिच्याशी बोलत नाहीत. तिचा संशय चुकीचा ठरतो, काळजी चुकीची ठरत नाही. मित्राचा रोष पत्करून मोठ्यांकडे जाणे हीही मैत्री असू शकते, हे शालेय गोष्टीत इतक्या स्पष्टपणे क्वचितच आले होते. पण जुना कायदा पुरता सुटला नाही. पाचव्या भागात गुप्त गटाची चहाडी करणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर फोडांनी अक्षरे उमटतात, आणि ती जादू हरमायनीचीच असते. हाउसची वाटणीही शेवटपर्यंत तशीच राहते. एकोणीस वर्षांनंतरच्या उपसंहारात हॅरीचा मुलगा फलाटावर उभा आहे आणि आपण कोणत्या हाउसमध्ये जाऊ याच चिंतेत आहे.

अमेरिकन लेखक रिक रायर्डन यांनी 'पर्सी जॅक्सन' मालिकेत (2005 ते 2009) शाळेऐवजी उन्हाळी शिबिर निवडले. अमेरिकेत या शिबिरांचा उगम 1861 मध्ये सांगितला जातो. कनेक्टिकटमधल्या शाळेचे मुख्याध्यापक फ्रेडरिक गन यांनी त्या वर्षी मुलांना मुक्कामासाठी समुद्रकाठी नेले होते. निवासी शाळेत पर्सीचा टिकाव लागत नाही, तो शिबिरात रुजतो. त्याचे सोबती अॅनाबेथ आणि ग्रोव्हर. शिबिरात हाउसच्या जागी केबिन आहेत, पण तिथे जागा मिळते ती कोणत्या ग्रीक देवतेने मुलाला आपले म्हटले त्यावर. ज्यांना कोणीच आपले म्हणत नाही ती मुले हर्मीसच्या केबिनमध्ये जमिनीवर दाटीवाटीने झोपतात. पर्सीला पहिल्यांदा तलवार शिकवणारा ल्यूक याच केबिनचा प्रमुख, आणि देवांच्या या बेपर्वाईच्या संतापातूनच तो शत्रूला जाऊन मिळतो. शेवटच्या भागात देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. तो ते नाकारतो आणि मागणे मागतो की, प्रत्येक देवाने आपल्या मुलांना तेरा वर्षांची होण्याआधी आपले म्हणावे आणि धाकट्या देवतांच्या मुलांसाठीही शिबिरात केबिन बांधाव्यात. देव तशी शपथ घेतात आणि नव्या केबिनचे बांधकाम सुरू होते.